पावतीचा नंबर पुन्हा तोच का पडतो: दोन लायब्ररी, एक मॅक्रो आणि चुकलेली आवक-जावक

आधी लक्षण सांगतो, कारण शोधत आलेल्या माणसाला तेच पाहिजे असतं. सी प्लस प्लसमधल्या दोन शेअर्ड लायब्ररी आहेत आणि दोन्ही एकमेकींची हेडरं, म्हणजे कोणती नावं वापरता येतील ते जाहीर करणाऱ्या फाइली, वाचतात. बिल्ड स्वच्छ होतं, प्रोग्राम चालतो. पण अख्ख्या प्रोग्राममध्ये जी वस्तू एकच असायला हवी, म्हणजे एखादा मोजणारा किंवा सेटिंगचा साठा, तिच्या गुपचूप दोन प्रती होतात. एकीत लिहिलेलं दुसरीत दिसत नाही. लिंक करताना लायब्ररींचा क्रम बदलला की दुखणं नाहीसं होतं. आपण खूश होतो. पुढच्या हंगामाला ते परत दारात उभं.

आमच्याकडे ते असं आलं. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं तिघांचं दुकान आहे, वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. ऊस, हळद, बेदाणा, खडी, गाडीत बसेल ते आमच्या काट्यांवरून जातं. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, रात्री साडेदहाला एका काट्यावरून फोन: "साहेब, एकाच नंबरच्या दोन पावत्या निघाल्यात की ओ. दोघं गाडीवाले हुज्जत घालायला लागलेत, मागं ट्रॅक्टरची लाइन रस्त्यापर्यंत गेलीय."

मी नेहमीचंच सांगितलं, प्रोग्राम बंद करून चालू करा. अर्ध्या तासानं परत फोन, परत तोच नंबर.

प्रोग्रामची मांडणी साधी आहे. 'काटा' नावाची डीएलएल (विंडोजवरची शेअर्ड लायब्ररी) वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवरून वजन वाचते आणि आकडा स्थिरावला की नोंद करते. 'पावती' नावाची डीएलएल दर लावते, छापते, दुबार प्रत काढते. वर स्क्रीन दाखवणारा मुख्य प्रोग्राम. नंबर देणारा क्लास, त्याला आम्ही 'क्रमांकपाल' म्हणतो, राहायला काट्याकडे. वजन घेताना काटा त्याच्याकडून नंबर घेतो. हातपावतीचं बटण दाबलं की मुख्य प्रोग्राम घेतो. दुबार प्रत काढताना पावती त्याला शेवटचा नंबर विचारते. तिघांनी विचारायचं एकालाच. क्रमांकपालाची एकमेव वस्तू हातात देणारं फंक्शन हेडरमध्येच, इनलाइन, आत एक स्टॅटिक व्हेरिएबल (एकदाच बनून शेवटपर्यंत टिकणारं) ठेवून लिहिलेलं होतं. पाठ्यपुस्तकात असतं तसंच.

तासगावचा एक पोरगा आमच्याकडे आहे, त्यानं दुसऱ्या दिवशी डीबगरमध्ये त्या वस्तूचा पत्ता दोन ठिकाणी छापून दाखवला. "दादा, हे दोन निराळे पत्ते आहेत. क्रमांकपाल दोन झालेत."

आवक की जावक

विंडोजवर डीएलएलमधलं नाव बाहेर द्यायचं तर कम्पायलरला ते एक्स्पोर्ट म्हणून सांगावं लागतं, आणि दुसऱ्याकडून घ्यायचं तर इम्पोर्ट म्हणून. खरी गोम अशी की हेडर फाइल एकच असते. तीच काटा बांधताना वाचली जाते आणि तीच पावती बांधतानाही.

मार्केट यार्डात हळदीचं पोतं अडतीतून उचलून खरेदीदाराच्या गोदामात जातं. पोतं तेच, पण अडत्याच्या वहीत ती जावक आणि खरेदीदाराच्या वहीत आवक. वही कोणाची यावर सगळं ठरतं. आता खरेदीदाराच्या दिवाणजीनं अडत्याच्या वहीचं पान जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि आपल्याकडेही 'जावक'च मांडली, तर काय होईल? जे पोतं आपण विकलंच नाही ते आपल्या नावानं बाहेर गेलेलं दिसेल.

आमच्या दोन्ही प्रोजेक्टांत नेमकं हेच झालं होतं. हेडरांत एकच मॅक्रो होता, म्हणजे कम्पाइल होण्याआधी ज्याच्या जागी दुसरा मजकूर बसतो असा शब्द. डीएलएल बांधत असू तर त्याचा अर्थ एक्स्पोर्ट, नसू तर इम्पोर्ट. 'डीएलएल बांधतोय' ही खूण आम्ही दोन्ही प्रोजेक्टांच्या सामाईक प्रॉपर्टी शीटमध्ये ठेवली होती, दोनदा लिहायला नको म्हणून. त्यामुळे पावती बांधली जात असताना तिनं काट्याचं हेडर वाचलं आणि तिथंही अर्थ निघाला एक्स्पोर्ट. पावतीनं काट्याचा क्रमांकपाल स्वतःचाच समजून स्वतःच्या जावक यादीत चढवला.

मग कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर ओरडला का नाही? साध्या फंक्शनच्या बाबतीत तो ओरडत नाहीच. डीएलएलसोबत तयार होणारी आणि तिच्याशी लिंक करायला लागणारी फाइल म्हणजे डॉट लिब. काट्याच्या डॉट लिब फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनसाठी एक छोटी उडी ठेवलेली असते. इम्पोर्ट न म्हणता हाक मारली तरी ती उडी तुम्हाला योग्य जागी पोहोचवते, फक्त एक पाऊल जास्त पडतं. इनलाइन फंक्शनचं तसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरचा नियम असा आहे की एक्स्पोर्ट म्हटलेलं इनलाइन फंक्शन त्या डीएलएलमध्ये प्रत्यक्ष उभं केलं जातं आणि बाहेर दिलं जातं, कोणी वापरो न वापरो. इम्पोर्ट म्हटलेलं मात्र कधीच उभं केलं जात नाही, आणि त्याच्या आतलं स्टॅटिक व्हेरिएबल मूळ डीएलएलमधलंच धरलं जातं. म्हणजे खूण बरोबर असती तर हेडरमधला तोच कोड निर्धोक चालला असता. खूण चुकली म्हणून पावतीत दुसरा क्रमांकपाल जन्माला आला, तोही सगळ्या कागदपत्रांसह.

मुख्य प्रोग्रामला क्रमांकपाल द्यायला आता दोन डीएलएल तयार. लिंकर पहिली सापडेल ती घेतो. यादीत काटा आधी असेल तर काटा आणि मुख्य प्रोग्राम एकाच क्रमांकपालाकडून नंबर घेतात आणि सगळं ठीक दिसतं. एखादी दुबार पावती तेवढी चुकायची, त्याचं खापर आम्ही प्रिंटरवर फोडायचो. जिथून फोन आला त्या नव्या वजनकाट्यासाठी प्रोजेक्ट फाइल हातानं लिहिली, त्यात पावती आधी आली आणि हातपावत्या दुसऱ्या क्रमांकपालाकडून निघू लागल्या. दोघांनीही सुरुवातीला शेवटचा नंबर एकाच फाइलमधून वाचलेला, म्हणून नंबर सारखेच.

खात्री कशी करायची

तर्क लढवत बसू नका, डीएलएलच्या पोटात काय आहे ते बघा. व्हिज्युअल स्टुडिओच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डम्पबिन हे साधन असतं. त्याला एक्स्पोर्ट्सचा स्विच देऊन पावतीची डीएलएल दाखवा. यादीत काट्याच्या नेमस्पेसमधलं एक जरी नाव दिसलं, तरी निदान झालं. नावं प्रश्नचिन्हानं सुरू होणारी, ओळखू न येणारी असतात. अनडीनेम हे सोबतचं साधन ती माणसाच्या भाषेत करून देतं.

दुसरी तपासणी प्रीप्रोसेसरची. एखादी सीपीपी फाइल स्लॅश पी स्विच लावून कम्पाइल केली की सगळे मॅक्रो उलगडलेली फाइल मिळते. तिच्यात क्रमांकपाल जाहीर करणाऱ्या ओळीत एक्स्पोर्ट आहे की इम्पोर्ट, ते सरळ वाचता येतं. मॅक्रोचा अर्थ काय 'असायला हवा' यावर दोन माणसं अर्धा दिवस भांडू शकतात. ही फाइल दोन मिनिटांत भांडण मिटवते.

उपाय, आणि तो टिकत का नाही

प्रत्येक लायब्ररीला स्वतःचा मॅक्रो द्यायचा. काट्याच्या हेडरात काट्याचा, पावतीच्या हेडरात पावतीचा. 'काटा बांधतोय' ही खूण फक्त काट्याच्या प्रोजेक्टात, 'पावती बांधतोय' फक्त पावतीच्या. मॅक्रोला तीन फांद्या ठेवा: स्टॅटिक बांधणी (लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळलेली) असेल तर रिकामा, ही लायब्ररी बांधत असू तर एक्स्पोर्ट, नाहीतर इम्पोर्ट. लिनक्सची चौथी फांदी पुढे सांगतो.

इतकं सोपं आहे तर हे दुखणं परत परत का येतं? पहिल्या हंगामात आम्ही मूळ सोडून फांदी छाटली. एकमेव वस्तू देणाऱ्या फंक्शनचं शरीर हेडरमधून सीपीपी फाइलमध्ये नेलं आणि नंबर दोनदा पडायचे थांबले. फंक्शन आता एकाच जागी उभं होतं, पावतीची हाक उडी मारून तिथंच जात होती. चुकीचा मॅक्रो तसाच राहिला. स्टॅटिक हेडरमध्ये न ठेवणं ही सवय चांगलीच आहे, पण तिनं रोग झाकला.

दुसऱ्या हंगामात कुणीतरी काट्याच्या एका क्लासमध्ये स्टॅटिक डेटा मेंबर घातला, वजनातल्या चढउताराची कमाल मर्यादा ठेवायला. पावतीनं तो वाचला आणि लगेच एलएनके२००१, नाव सापडत नसल्याची लिंकरची चूक. फंक्शनला उडी असते, डेटाला नसते. डेटापर्यंत पोहोचायचं तर कम्पायलरला आधीच माहीत असावं लागतं की ही वस्तू बाहेरून येणार आहे, म्हणजे इम्पोर्ट म्हटलेलंच असावं लागतं. 'फंक्शनं लिंक होतात, व्हेरिएबल होत नाही' हे लक्षण दिसलं की मॅक्रोकडेच बघा.

तेव्हा कुठं आम्ही मॅक्रो वेगळे केले. पण त्यानंतरही दोनदा फसलो. एकदा नवीन 'दर' लायब्ररी करायची होती, तर पोरानं काट्याचं प्रोजेक्ट कॉपी केलं आणि नाव बदललं. व्हिज्युअल स्टुडिओ डीएलएल प्रोजेक्ट बनवतानाच प्रोजेक्टच्या नावापुढे एक्स्पोर्ट्स लावून एक खूण प्रीप्रोसेसरच्या यादीत घालून ठेवतो. प्रोजेक्ट कॉपी केलं की ती खूणही कॉपी होते. दर लायब्ररी स्वतःला काटा समजू लागली. घराला रंग नवा, दारावरची पाटी जुन्या मालकाची.

दुसऱ्यांदा सीमेक या बिल्ड चालवणाऱ्या साधनानं फसवलं, म्हणजे आम्हीच फसलो. त्याच्या भाषेत टार्गेट म्हणजे बांधायची एक लायब्ररी किंवा प्रोग्राम. सीमेक शेअर्ड लायब्ररीच्या फाइली कम्पाइल करताना टार्गेटच्या नावापुढे एक्स्पोर्ट्स जोडलेली खूण आपोआप देतो, फक्त त्या टार्गेटपुरती. फार सोयीचं आहे. हे माहीत नसल्यानं आम्ही तीच खूण हातानंही दिली होती, आणि दिली ती पब्लिक म्हणून. पब्लिक खूण त्या टार्गेटवर अवलंबून असलेल्या प्रत्येकाकडे झिरपते. काट्याची 'मी बांधतोय' ही खूण पावतीकडे झिरपली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बांधणीची खूण नेहमी प्रायव्हेट. 'ही लायब्ररी स्टॅटिक आहे' ही खूण मात्र पब्लिकच हवी, कारण ती वापरणाऱ्यालाही कळायला पाहिजे. आणि अख्ख्या डिरेक्टरीला लागू होणारी जुन्या पद्धतीची खूण या कामाला अजिबात वापरू नका. ती खालच्या सगळ्या फोल्डरांत उतरते.

टार्गेटचं नाव बदललं तर आपोआप मिळणारी खूणही बदलते, हेडर मात्र जुन्याच नावाची वाट बघत बसतं. मग उलटा प्रकार होतो, लायब्ररी स्वतःच्याच क्लासला इम्पोर्ट समजते. हे टाळायचं तर सीमेकचं जनरेट-एक्स्पोर्ट-हेडर हे मॉड्यूल वापरा. ते टार्गेटप्रमाणे मॅक्रोचं हेडर स्वतः लिहून देतं.

कोणती चूक काय सांगते

एलएनके२०१९. हा आकडा सांगलीकराला वेगळा पाठ करावा लागत नाही, त्या साली ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. लिंकरच्या भाषेत त्याचा अर्थ, नाव वापरलंय पण सापडत नाही. इथं न सापडलेलं नाव नीट वाचा. त्याआधी दोन अंडरस्कोर, आयएमपी आणि परत अंडरस्कोर असा उपसर्ग असेल, तर तुमचा कोड त्याला इम्पोर्ट समजतोय. मग एकतर डॉट लिब जोडलेली नाही, किंवा लायब्ररी स्टॅटिक आहे आणि मॅक्रो रिकामा व्हायला हवा होता तो झालेला नाही. उपसर्ग नसेल आणि नाव फंक्शनचं असेल, तर बहुधा लायब्ररी जोडलेलीच नाही किंवा तिनं ते नाव बाहेरच दिलेलं नाही. हेडर सी भाषेतल्या कोडचं असेल तर एक्स्टर्न सी (नाव सी भाषेच्या रूपात ठेवणारी खूण) राहिलंय का तेही बघा.

सी४२७३ ही नुसती सूचना आहे आणि आपण सूचनांकडे काणाडोळा करतो. जाहीर करताना इम्पोर्ट म्हटलं आणि व्याख्या इथंच केली, असा तिचा अर्थ. तसाच प्रकार स्टॅटिक डेटा मेंबरबाबत झाला की सी२४९१ येते, आणि ती चूकच असते, पुढे जाऊ देत नाही. दोन्ही एकत्र दिसल्या तर लायब्ररी बांधताना तिची स्वतःची खूण पोहोचलेली नाही. आम्ही स्लॅश डब्ल्यूई ४२७३ लावून पहिलीलाही चूकच करून टाकलं. एवढं मात्र खरं, की आमच्या मूळ दुखण्यात यातलं काहीच आलं नव्हतं. सगळीकडे एक्स्पोर्टच असल्यामुळे कम्पायलरला विसंगती दिसतच नाही.

सी४२५१ हा स्वतंत्र वैताग. एक्स्पोर्ट केलेल्या क्लासमध्ये व्हेक्टर किंवा स्ट्रिंग ठेवली की ही सूचना येते. सगळ्या डीएलएल एकाच कम्पायलरनं, एकाच रनटाइमसह, एकत्रच बांधून देत असाल तर मी तिच्यावर वेळ घालवत नाही. डीएलएल दुसऱ्याला वापरायला देणार असाल तर आतले तपशील एका पॉइंटरमागे झाका.

डॉट लिब उघडता येत नाही, एलएनके११०४, आणि डीएलएल तर समोर दिसतेय? लायब्ररीनं एकही नाव एक्स्पोर्ट केलेलं नसेल तर लिंकर डॉट लिब बनवतच नाही. पहिल्यांदा डीएलएल करणारा प्रत्येकजण यात एक संध्याकाळ घालवतो.

खरंखुरं वर्तुळ

त्याच एलएनके११०४ नं आम्हाला तिसऱ्या हंगामात गाठलं, पण कारण निराळं. नवीन मशिन घेतलं, कोड उतरवला, बांधायला घेतला. काटा म्हणतो पावतीची डॉट लिब द्या. पावती म्हणते काट्याची द्या. वजन स्थिरावलं की काटा थेट पावतीला छापायला सांगायचा आणि पावती नंबर विचारायला काट्याकडे यायची. जुन्या मशिनवर हे कधी कळलंच नाही, कारण सामाईक फोल्डरमध्ये मागच्या बिल्डच्या डॉट लिब पडून होत्या. वर्षभर आम्ही कालच्या ताकावर आजचं दही लावत होतो.

असं वर्तुळ तोडता येत नसेल तर विंडोजवर एक वाट आहे. काट्यातून बाहेर द्यायच्या नावांची डेफ फाइल लिहायची आणि लिब नावाच्या साधनाला डेफच्या स्विचसह द्यायची. काटा अजून लिंक झालेला नसतानाही त्याची डॉट लिब आणि सोबत डॉट एक्स्प फाइल मिळते. त्या डॉट लिबवर पावती लिंक करायची, तिची डॉट लिब मिळाली की डॉट एक्स्पसह काटा लिंक करायचा. चालतं, पण सी प्लस प्लसमध्ये डेफ फाइलीत कम्पायलरनं बनवलेली ती लांबलचक नावं लिहावी लागतात आणि फंक्शनच्या एका पॅरामीटरचा प्रकार बदलला की नाव बदलतं. आम्ही आठवडाभर हे केलं आणि सोडलं. सीमेकला तर हे मुळीच मान्य नाही. टार्गेटांचं वर्तुळ तो फक्त स्टॅटिक लायब्ररींमध्ये चालवून घेतो, एक जरी शेअर्ड असली तरी चूक देऊन थांबतो.

शेवटी आम्ही क्रमांकपालाला काट्यातून काढून 'नोंद' नावाच्या तिसऱ्या छोट्या लायब्ररीत नेलं. ती कुणावरच अवलंबून नाही. काटा आणि पावती दोघंही तिच्याकडे जातात. काट्यानं पावतीला हाक मारणंही बंद केलं. वजन स्थिरावलं की काय करायचं ते फंक्शन मुख्य प्रोग्रामच सुरुवातीला काट्याकडे नोंदवून ठेवतो. काट्याला आता पावती नावाची काही चीज आहे हेच माहीत नाही. हे करायला दीड दिवस लागला, आणि त्याआधीचे तीन हंगाम आम्ही मॅक्रोंवर टेकू लावत काढले होते. दोन लायब्ररींना एकमेकींची हेडरं लागत असतील तर माझा पहिला सल्ला आता एवढाच असतो: मॅक्रोकडे जाण्याआधी, त्या खरंच दोन लायब्ररी आहेत का ते विचारा. कधी कधी उत्तर 'एकच करून टाका' असंही निघतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

लिनक्सवर सगळं चालतं, हीच अडचण

एका गिऱ्हाइकाला लिनक्सवरचा छोटा पीसी हवा होता. तिथं सगळं पहिल्या झटक्यात बांधलं गेलं. पोरगा म्हणाला, "दादा, विंडोजच बेक्कार आहे बघा." तसं नाही. लिनक्सवर डॉट एसओमधली (तिथल्या शेअर्ड लायब्ररीतली) सगळी नावं मुळातच उघडी असतात, शिवाय शेअर्ड लायब्ररी लिंक करताना नाव सापडलं नाही तरी लिंकर गप्प बसतो, पुढं कुणीतरी देईल म्हणतो. दोन डॉट एसओंत एकच नाव असेल तर चालू होताना जी आधी शोधली जाते तिचं सगळ्यांना लागू होतं. म्हणून दोन क्रमांकपालांचा घोळ तिथं दिसलाच नसता.

दिसावा म्हणून दोन गोष्टी करा. एक, लिंकरला झेड डेफ्स द्या, म्हणजे न सापडलेलं नाव तिथंच चूक ठरतं. दोन, व्हिजिबिलिटी हिडन लावा, म्हणजे नावं मुळात लपलेली राहतात, आणि बाहेर द्यायच्या नावांवरच डीफॉल्ट व्हिजिबिलिटीची खूण करा. जीसीसीत ही सोय ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे. मॅक्रोची चौथी फांदी ती हीच. इथं आवक-जावक असा भेद नसतो, बांधणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला एकच खूण चालते. लायब्ररीची हद्द ओलांडून जाणाऱ्या एक्सेप्शनचे क्लासही उघडे ठेवा. नाहीतर काही प्लॅटफॉर्मांवर ते नावानिशी पकडले जात नाहीत आणि सरसकट पकडणाऱ्या फांदीत जाऊन पडतात.

हिडन लावल्यावर आमच्याकडे परत दोन प्रतींचं भूत उठलं, आणि त्याचा जनक मीच. 'कुठल्याही क्लासची एकच वस्तू' देणारं टेम्प्लेट मी मोठ्या हौसेनं हेडरमध्ये लिहून ठेवलं होतं. टेम्प्लेट जिथं वापरलं जातं तिथं उभं राहतं. विंडोजवर मॅक्रो सगळे बरोबर असले तरी प्रत्येक डीएलएलला त्याची स्वतंत्र प्रत मिळते. लिनक्सवर नावं उघडी असताना त्या प्रती चालू होताना एक होतात, हिडन लावल्यावर होत नाहीत. म्हणजे आमच्या लिनक्सवरच्या चाचण्या आतापर्यंत खोटं समाधान देत होत्या. यावर शास्त्रशुद्ध उपाय आहे. हेडरमध्ये एक्स्टर्न टेम्प्लेट म्हणून जाहीर करायचं आणि एकाच लायब्ररीत एक्स्पोर्टसह ते उभं करायचं. आम्ही टेम्प्लेटच काढून टाकलं. सीपीपी फाइलीत पाच ओळींचं साधं फंक्शन लिहिलं, ते वाचायला कुणाला मला फोन करावा लागत नाही.

तपासणीला इथं एनएम हे नावांची यादी दाखवणारं साधन आहे. डी आणि सी हे दोन मोठ्या अक्षरातले स्विच दिले की बाहेरची नावं उलगडून दिसतात. यू म्हणजे दुसऱ्याकडून हवं, टी म्हणजे इथं आहे, डब्ल्यू म्हणजे इथं आहे पण कच्चं, दुसऱ्याचं चालेल. पावतीच्या यादीत क्रमांकपालापुढे यू दिसायला हवा. प्रत्यक्ष चालताना कोणाचं नाव कोणाला जोडलं गेलं ते एलडी डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला बाइंडिंग्ज सांगून बघता येतं. पडद्यावर पूर येतो, फाइलीत वळवा.

मशिनवरचा जुना माल

कोड निर्दोष असूनही काट्यावर गडबड होऊ शकते. 'प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही' अशी खिडकी आली तर नवा प्रोग्राम जुन्या डीएलएलशी बोलतोय. विंडोज आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात शोधतो आणि पाथमधले फोल्डर अगदी शेवटी बघतो. एका काट्यावर आमची पावती डीएलएल तीन ठिकाणी सापडली, त्यातली एक सिस्टिम फोल्डरात, तिथं ती कोणी टाकली हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. आता इन्स्टॉलर आधी जुन्या प्रती शोधून काढतो.

रनटाइमही जुळलेला हवा. एक डीएलएल एमटीनं (रनटाइम आतच मिसळून) आणि दुसरी एमडीनं (रनटाइम बाहेरच्या डीएलएलमधून घेऊन) बांधली तर मेमरी सांभाळणारे दोघींचे रनटाइम वेगळे. एकीनं घेतलेली मेमरी दुसरीनं सोडली की प्रोग्राम कोसळू शकतो, तोही भलत्याच ओळीवर. ज्यानं घेतलं त्यानंच सोडायचं, असा नियम ठेवला तर हा प्रश्न येत नाही.

सध्या आमच्या बिल्डच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट चालते. प्रत्येक डीएलएलच्या जावक यादीत दुसऱ्या लायब्ररीच्या नेमस्पेसचं नाव आहे का, एवढंच ती बघते, आणि सापडलं तर बिल्ड पाडते. वीसेक ओळींची आहे. प्रोजेक्ट कॉपी करायची सवय पोराची अजून गेलेली नाही, त्यामुळे ती दोनदा कामाला आली.

एक डेफ फाइल मात्र अजून आहे. काही जुन्या गिऱ्हाइकांकडे बिलिंगचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक सिक्समधला आहे आणि तो आमच्या काटा डीएलएलला ३२ बिटांत स्टँडर्ड कॉलनं हाक मारतो. एक्स्टर्न सी आणि एक्स्पोर्ट लावूनही त्या फंक्शनचं नाव पुढे अंडरस्कोर आणि मागे अॅट व बाइटांचा आकडा चिकटून बाहेर पडतं, बेसिकवाला शोधतो साधं नाव. डेफ फाइलीत साधं नाव लिहिलं की दोघांचं जुळतं. तिच्यात चार नावं आहेत. ती फाइल कुणी 'साफसफाई' म्हणून काढू नये अशी सूचना तिच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवलीय, कारण एकदा मीच काढली होती.